आधी बघून तर येऊ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगितलं गेलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर नव्या तंत्रज्ञानावर दहा-पंधरा मिनिटं बोल." मी विषय बदलून मागितला. तंत्रज्ञानावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्या घरातली आठवीतली पोरंही त्यावर माझ्यापेक्षा उत्साहाने बोलतील. मला आज एका साध्या गोष्टीविषयी बोलायचं आहे. बारावीनंतर पोरगं किंवा पोरगी पुण्या-मुंबईच्या कॉलेजात घालायची असेल, तर फॉर्म भरण्याआधी ते कॉलेज आणि ते शहर एकदा डोळ्यांनी बघून यावं. आणि हे बघणं आपल्यासारख्या घरांना परवडेल अशा खर्चात कसं करावं.

विषय लहान वाटेल. पण दरवर्षी मे-जून उजाडला की मला पिपरीहून, सिंदी मेघेहून, बोरगावहून, नालवाडीहून फोन येतात. "ताई, पुण्याचं अमुक कॉलेज कसं आहे?" मी विचारते, "कसं म्हणजे काय?" मग कट-ऑफ किती लागला, कंपन्या किती येतात, पॅकेज किती मिळतं, असे प्रश्न येतात. वीस मिनिटांच्या बोलण्यात पोरगी राहणार कुठे, जेवणार कुठे, कॉलेजला कशाने जाणार, महिन्याला किती लागतील, हे कुणी विचारत नाही. ते प्रश्न ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा ॲडमिशन झालेली असते आणि आवाजात काळजी असते.

दोन घरांची गोष्ट सांगते. नावं घेणार नाही. पहिल्या घरातल्या मुलीला पुण्यात चांगल्या कॉलेजात जागा मिळाली. फी माफीत बसली, घरात पेढे वाटले गेले. शहर कुणीच पाहिलं नव्हतं. कॉलेज एका टोकाला, परवडणारी खोली दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन बस. पहिल्या वर्षाला हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, गादी-बादलीपासून सगळी खरेदी यांत पहिल्याच महिन्यात वर्षभरासाठी बाजूला काढलेले पैसे संपत आले. दिवाळीला ती घरी आली, ती परत गेलीच नाही. हुशारी कमी नव्हती. हिशोब आधी मांडला नव्हता, एवढंच.

दुसऱ्या घरातल्या मुलीलाही जागा लागली होती. तिथे आजी, काका, शेजारी सगळे एका सुरात म्हणाले, "काहून गा, पोरीले एवढ्या दूर धाडतं?" जागा सोडून दिली. त्या घरानेही शहर पाहिलेलं नव्हतं. पहिल्या घराने न पाहता हो म्हटलं, दुसऱ्याने न पाहता नाही म्हटलं. मला वाटतं, दोन्हीकडे चूक एकच झाली.

आता थोडं मागे जाते, कारण हा प्रश्न आजचा नाही. खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणात फीपेक्षाही राहण्या-जेवणाची अडचण मोठी असते, हे आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. आज वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निर्वाह भत्त्याच्या सरकारी योजनेला त्यांचंच नाव आहे. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना थोडक्या पैशांत राहायला-जेवायला मिळावं आणि त्यांनी काम करत शिकावं, म्हणून. ती आजही चालू आहे. या तिघांनीही आधी मुलाच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न याची सोय पाहिली.

फीच्या बाबतीत आता पुष्कळ बदल झाला आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कॅप राउंडमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. फार मोठी गोष्ट आहे ही. आपल्या काळात हे असतं तर या सभागृहातल्या कितीतरी मैत्रिणींचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण या माफीत खोलीचं भाडं नाही, मेस नाही, लोकलचा पास नाही. म्हणजे फीचा आकडा आता घरबसल्या वाचता येतो, आणि उरलेला आकडा तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

मला हे कुणी शिकवलं, तर माझ्या बाबांनी. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असतील. जिनिंगमध्ये कारकून होते. 1998 साली माझी बारावी झाली तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळायची शक्यता होती. त्या काळी कॉलेज म्हणजे एक माहितीपुस्तिका, तिच्या मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो आणि पुढे हिरवळ. बाबांनी ती पुस्तिका पाहिली आणि म्हणाले, "बेटा, गाडीतला कापूस वरून पाहून भाव नाही करत. हात कोपरापर्यंत आत घालून पाहा लागते, की खाली ओला तर नाही. चल, आधी बघून तर येऊ."

आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं दिलं होतं. पुण्याला स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, कपडे बदलले आणि पीएमटीच्या बसने कॉलेजला पोचलो. मला वाटलं होतं, बाबा प्राचार्यांना भेटतील. ते आधी गेटवरच्या वॉचमनशी बोलले. मुलींच्या हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं, रात्री पोरगी आजारी पडली तर कोण दवाखान्यात नेतं, हे त्याला विचारलं. मग मेसच्या मालकाला विचारलं, महिन्याचे किती आणि रविवारी संध्याकाळी जेवण असतं का. ते नसतं, हे आम्हाला तिथे कळलं. मग सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर मुली राहत होत्या, तिथे गेलो. एका खोलीत चार कॉट, चार पत्र्याच्या पेट्या आणि खिडकीत वाळत घातलेल्या ओढण्या. घरमालकीण आजी कडक होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, सकाळी पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं तेही सांगितलं.

संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर बसून बाबांनी खिशातल्या डायरीत एका पानावर सगळं मांडलं. एका बाजूला महिन्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला त्यांचा पगार. मधली रेघ त्यांनी पट्टीने मारल्यासारखी सरळ ओढली होती. मग डायरी माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. मी गणितात बरी होते, मला सांगायची गरज नव्हती.

मी पुण्याला गेले नाही. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, घरून ये-जा केली. दोन दिवस मी बाबांशी बोलले नव्हते, हे खरं. पण तिसऱ्या दिवशी मला एक जाणवलं. मला कुणी अडवलेलं नव्हतं. मी स्वतः आकडे पाहिले होते. "पोरीची जात आहे, दूर नको" म्हणून जागा सोडणं आणि सगळा हिशोब मांडून "यंदा जमत नाही" म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस आयुष्यभर कुढतो. दुसऱ्यात तो कामाला लागतो.

त्या एका पानाचा पुढे आणखी उपयोग झाला. तीन वर्षांनी माझा धाकटा भाऊ पुण्याला शिकायला गेला. तोवर आईने शिवणकाम वाढवलं होतं, बाबांनी पान काढून नवे दर विचारले होते, आणि स्वस्त वसतिगृहाचे अर्ज निकालाच्या आधीच मागवून ठेवायचे, हे आम्हाला ठाऊक झालं होतं. तो मुलगा होता म्हणून घरच्यांना धाडणं सोपं गेलं का? हो, तेही होतं. ते मी इथे झाकून ठेवणार नाही. म्हणूनच आज मुलींची फी माफ झाल्यावर, निदान आपल्या शाळेतल्या मुलींच्या बाबतीत तरी, निर्णय शेजाऱ्यांच्या बोलण्यावर न होता डायरीच्या पानावर व्हावा, असं मला फार वाटतं.

आता कामाचं बोलू. हे बघून येणं आज कसं करायचं?

पहिली गोष्ट, केव्हा जायचं. निकालानंतर नाही. कॅप राउंडमध्ये पसंतीक्रम भरायला हातात मोजके दिवस असतात, त्या धावपळीत ना रिझर्व्हेशन मिळत, ना डोकं शांत असतं. अकरावीच्या वर्षात किंवा बारावीच्या सुरुवातीला जावं, आणि सोमवार ते शुक्रवारच जावं. दिवाळीच्या सुटीत गेलात तर फक्त इमारत दिसेल. वर्ग भरलेले, मेसमध्ये रांग लागलेली, हॉस्टेलच्या दारात पोरं उभी, असं कॉलेज बघायचं आहे. पावसाळ्यात गेलात तर आणखी बरं. मुंबईत किंग्ज सर्कलला पाणी भरलं की काय होतं, ते एकदा पाहिलेलं चांगलं.

दुसरी गोष्ट, कुठे जायचं. ज्या कॉलेजांत जागा मिळायची खरोखर शक्यता आहे, तीच दोन-तीन निवडावीत. मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या तक्त्यात 'होम युनिव्हर्सिटी' आणि 'अदर दॅन होम युनिव्हर्सिटी' असे वेगळे रकाने असतात. आपण नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातले. पुण्या-मुंबईच्या बहुतेक कॉलेजांसाठी आपला रकाना दुसरा. पुष्कळ घरं पहिला रकाना बघून खूश होतात किंवा खचतात, आणि दोन्ही फुकट.

आणि पहिली फेरी नागपूरची करा. सकाळी निघून रात्री घरी. तिथल्या व्हीएनआयटीचा परिसर, एखादं दुसरं कॉलेज, आसपासच्या खोल्या, एका मेसमधलं जेवण, एवढं एका दिवसात होतं. ही रंगीत तालीम. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कुठलीही गोष्ट लोकांच्या हाती देण्याआधी आम्ही ती लहान प्रमाणात चालवून पाहतो. चूक तिथेच सापडली तर ती स्वस्तात पडते. नागपूरच्या त्या एका दिवसात मुलाला प्रश्न विचारायची सवय होते आणि आई-बाबांची भीड चेपते.

तिसरी गोष्ट, खर्च. आपल्याला वर्ध्याचं एक मोठं सुख आहे, ते म्हणजे रेल्वे. संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईत. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी त्याच नावाच्या गाडीने परत. दोन रात्री गाडीत, एक दिवस शहरात. लॉजचं भाडं नाही. स्लीपरचं जाण्या-येण्याचं तिकीट माणशी हजाराच्या आत बसतं. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढून टाकावं. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, आंघोळ वेटिंग रूममध्ये होते. एस.टी.ने जायचं असेल तर मार्च 2023 पासून महिलांना सगळ्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे. म्हणजे आई आणि मुलगी मिळून एका तिकिटात जातात.

यावरून आठवलं. कॉलेज बघायला बहुतेक घरांतून बाबा जातात, फार तर सोबत काका. माझं मागणं आहे की आईने जावं. बाबा इमारत बघतात, लॅब बघतात, बाहेर येऊन "मस्त आहे" म्हणतात. आई संडास-बाथरूम बघते. पाणी किती वेळ येतं विचारते. मुलगी रात्री आठला लायब्ररीतून निघाली तर रस्त्यावर दिवे आहेत का, बघते. चार वर्षं तिथे काढायची तर हेच बघायचं असतं.

चौथी गोष्ट, तिथे गेल्यावर काय करायचं. मुंबईचं उदाहरण घेते. व्हीजेटीआय ही 1887 सालची संस्था, 1923 पासून माटुंग्याला आहे. तिच्या जवळच रसायन तंत्रज्ञान संस्था, आपल्या पिढीला ती यूडीसीटी म्हणून माहीत, 1933 साली सुरू झालेली. दोन्ही एका दिवसात पायी बघून होतात. दादरला उतरा आणि तिथून माटुंग्याला लोकलने जा. एकच स्टेशन आहे, चालतही जाता येतं, पण लोकलनेच जा, आणि सकाळी नऊच्या गर्दीत जा. मुलाला दारात उभं राहून कळू द्या की ही गर्दी रोजची आहे. मध्य रेल्वेचं माटुंगा हे देशातलं पहिलं स्टेशन, जिथे 2017 पासून सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे आहे. घाबरलेल्या आईने ते स्टेशन जरूर बघावं, तिला धीर येतो. दुपारी जवळच्या एखाद्या उडुपी खानावळीत जेवा. ए. रामा नायक यांची खानावळ तिथे 1942 पासून आहे. सोबतच्या दशम्या परतीच्या गाडीसाठी ठेवा. एक जेवण मुद्दाम शहराचं जेवा, कारण मुलाला तेच जेवायचं आहे.

आणि मग खरं काम. हॉस्टेल मिळालं नाही तर विद्यार्थी कुठे राहतात, ते विचारा. माटुंग्याला खोली घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. मुलं ठाण्याला, डोंबिवलीला, नवी मुंबईला राहतात आणि लोकलने येतात. तर एकदा त्या लोकलमध्येही बसून पाहा. घड्याळ लावून बघा, दारापासून दारापर्यंत किती वेळ जातो.

पुण्यात सीओईपी, म्हणजे 1854 साली सुरू झालेलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, शिवाजीनगर स्टेशनपासून जवळ आहे, मेट्रोही आली आहे. पुणे विद्यापीठ 1949 सालचं, गणेशखिंडीत, पूर्वीच्या गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात. दोन्ही एका दिवसात होतात. पण पुण्यात आता पुष्कळ कॉलेजं शहराच्या पार बाहेर आहेत. नावापुढे पुणे लिहिलेलं असलं तरी पोचायला तास-दीड तास लागतो. नकाशावर बोट ठेवून ते कळत नाही, बसमध्ये बसल्यावर कळतं.

प्रश्न कुणाला विचारायचे? ऑफिसात विचारलेत तर छापील उत्तर मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, त्यातही विदर्भातल्या. ती शोधावी लागत नाहीत. कॅन्टीनमध्ये दोन मिनिटं मोठ्याने बोला, "कुठून आले जी तुम्ही?" म्हणत कुणीतरी आपणहून येतं. त्यांना विचारा, पहिल्या वर्षाला हॉस्टेल किती जणांना मिळालं आणि दुसऱ्या वर्षी टिकलं का. मेसचे पैसे सुटीतही कापतात का. डिपॉझिट परत मिळतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिष्यवृत्तीचे आणि भत्त्याचे पैसे खात्यात प्रत्यक्ष केव्हा आले. मंजूर होणं आणि जमा होणं यांत कधीकधी महिने जातात. ते महिने घरातून काढावे लागतात, आणि पोरं परत येतात ती नेमकी त्याच महिन्यांत. डायरीत त्या सहा महिन्यांसाठी वेगळी ओळ ठेवा.

एवढं करून मुलगा म्हणाला, "आई, मला इथे नाही राहायचं," तर वाईट वाटून घेऊ नका. दोन माणसांचे मिळून तीन हजार रुपये गेले, चार वर्षं वाचली. नागपूर आहे, सेवाग्राम आहे, आणि इथे शिकूनही माणूस उपाशी मरत नाही. मी तुमच्यासमोर उभी आहे. आणि मुलगी म्हणाली, "मला इथेच यायचं," तर ती काय म्हणते आहे ते तिला ठाऊक असेल. पहिल्या महिन्यात रडू येईल तेव्हा निदान रस्ता तरी ओळखीचा असेल.

आपल्या वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जाऊन शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर मोठं काम केलं. त्यांना आधी बघून येणं शक्यच नव्हतं. असे लोक असतात, त्यांना नमस्कार करावा. पण शाळेतल्या प्रत्येक मुलाकडून आपण खानखोज्यांच्या धाडसाची अपेक्षा धरू नये. साध्या मुलाला साधी सोय करून दिली तर तोही लांब जातो.

ती सोय करणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठीच मी आज उभी राहिले. आपल्या बॅचचे किती जण बाहेर आहेत? पुण्यात आहेत, मुंबई-ठाण्यात आहेत, नागपुरात तर आहेतच. हैदराबाद, बंगळुरूलाही आहेत. मी कुणाकडे देणगी मागत नाही. वर्षातून एक दिवस मागते. शाळेतलं एखादं मूल आई किंवा बाबांसोबत कॉलेज बघायला आलं, तर सकाळी आंघोळीला गरम पाणी, एक वेळचं जेवण, आणि जमलं तर एक दिवस रजा काढून सोबत फिरणं. बस. लॉजचा प्रश्न मिटला की गाडी चुकण्याची भीतीही निम्मी होते. आणि अनोळखी शहरात एक दार आपल्या शाळेचं आहे, हे त्या आईला केवढं वाटेल याचा विचार करा.

त्यासाठी शाळेत एक वही असावी. तिच्या पुढच्या पानांवर आपली नावं, शहर, जवळचं स्टेशन, कुठल्या महिन्यात सवड असते. मागच्या पानांवर, जी मुलं खरोखर शिकायला गेली आहेत त्यांनी दरवर्षी एक पान लिहावं. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, झेरॉक्स, अडीनडीला लागलेले पैसे, सगळं खरं खरं. कॉलेजच्या जाहिरातीत न सापडणारी माहिती त्या पानांवर सापडेल. मूल लहान असतं, म्हणून पालकाशिवाय कुणाला पाठवायचं नाही, आणि शाळेला कळवल्याशिवाय कुणी यजमान व्हायचं नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहावा.

गुरुजनांना एक विनंती आहे. आमच्या वेळी दोन दिवस गैरहजर राहिलं की तुम्ही पालकांना बोलावून घ्यायचात, आणि ते बरोबरच होतं. पण शाळा सोडून अकरावी-बारावीत गेलेली आपली मुलं सल्ला विचारायला अजून तुमच्याकडेच येतात. त्यांच्या आईवडिलांना आमचं कुणी ऐकणार नाही एवढं तुमचं ऐकतात. दहावीच्या निरोप समारंभातच, सर, तुम्ही त्यांना सांगा की पुढच्या दोन वर्षांत एकदा गाडीत बसायचं आहे. भूगोलाच्या तासाला तुम्ही आम्हाला नकाशावर मनमाड-इगतपुरी दाखवलंत, तेव्हा ते शेवटच्या बाकावरच्यांनाही पाठ झालं. तुम्ही सांगितलेलं राहतं.

वही मी सोबत आणली आहे. चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. पुण्याच्या पानावर पहिलं नाव माझं आहे, खाली जागा भरपूर आहे. मुंबईचं पान अजून कोरं आहे, आणि दादर-ठाण्याचे तिघं जण समोर दुसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. पेन वहीलाच दोरीने बांधलंय, त्यामुळे पेन नव्हतं ही सबब चालणार नाही.